जमिनीची खोली कोण मोजणार?

(पुणे येथे जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावाची चर्चा झाली, कर्जाची झाली, विम्याची तर चांगलीच तापली. माझ्याकडे विषय आला आहे मातीचा. जेवण झाल्यावर मातीवर बोलायचं म्हणजे निम्म्या सभेला झोप येणार. पण विम्यावरून आत्ता जो आवाज चढला होता, त्याचं मूळ मातीतच आहे. तिथपर्यंत मी तुम्हाला नेणार आहे. तेवढं ऐकून घ्या.

आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र किती ते प्रत्येकाला तोंडपाठ आहे. हेक्टर, आर, गुंठा, बांधावरचं अर्धं गुंठंसुद्धा. त्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. आता सांगा, तुमची जमीन खाली किती खोल आहे? अंदाज नको. 'काळी आहे', 'भारी आहे', 'बरड आहे' असंही नको. वरच्या ढेकळापासून खालच्या मुरमापर्यंत किती फूट, किती बोटं, तो आकडा सांगा. बघा, कुणाचा हात वर नाही. दोनचार विहीरवाले सांगतील, तेही विहिरीच्या जागेपुरतं.

जिरायतीत क्षेत्रापेक्षा खोली मोठी, असं माझं म्हणणं आहे. का, ते हिशेबानेच बघू.

आपली भारी काळी माती एका फुटाच्या थरात पिकाला घेता येईल असं साधारण दोन इंच पाणी धरते. माती कमी चिकण असेल तर थोडं कमी, जास्त असेल तर थोडं जास्त. दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. म्हणजे फूटभर खोल जमिनीत एकराला दोन लाख लिटर पाणी बसतं आणि तीन फूट खोल जमिनीत सहा लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एकाच्या शेतात वीस टँकर आणि बांधापलीकडच्या शेतात साठ टँकर. पाऊस दोघांवर सारखाच पडला. बियाणं एकाच दुकानातलं. पाऊस उघडला, की पीक दिवसाला तीनचार मिलिमीटर पाणी ओढतं. फूटवाल्याची कोठी पंधरा दिवसांत रिकामी होते, तीन फूटवाला महिना-दीड महिना तग धरतो. वर एखादी सर आली तर त्याची ज्वारी पदरात पडते. आणि गाव म्हणतं, 'त्याचा हात चांगला आहे.' हात चांगला असेलही, पण शेताची खोली जास्त आहे, हे कुणी बोलत नाही.

ही कोठी कशाची बनते, तेही थोडक्यात सांगतो. आपली काळी माती काळ्या कातळापासून झाली. तिच्यात चिकणमातीचा अंश निम्म्याच्या आसपास, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही जास्त असतो. ही चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगा तीन-तीन फूट खाली जातात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पुढच्या पावसात खालची माती फुगून वर सरकते. जमीन स्वतःच स्वतःला उलथवते, म्हणून जुनी माणसं म्हणायची की काळीला नांगर कमी लागतो. पालाश भरपूर असतो, नत्र आणि स्फुरद कमी, चुना जास्त, त्यामुळे जस्त-लोह पिकाला नीट मिळत नाही. सेंद्रिय कर्ब तर आपल्या बहुतेक जिरायती शेतांत अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलेला आहे. हे तुम्ही कृषी सहायकाकडून शंभर वेळा ऐकलं आहे, म्हणून पुढे जातो.

हिचा एक दोष मात्र सांगायलाच हवा. ही माती पाणी धरते पुष्कळ, पण पिते सावकाश. भेगा उघड्या असतात तोवर पाणी धबधबा आत जातं. एकदा चांगली भिजली की तोंड मिटून घेते. मग तासाला चार-पाच मिलिमीटरसुद्धा आत घेत नाही. म्हणून आपल्याकडे धो-धो पाऊस पडतो तेव्हा निम्मं पाणी माती घेऊन ओढ्याला जातं आणि पंधरा दिवसांनी आपण आकाशाकडे बघत बसतो.

याच्या अगदी उलट माती अमेरिकेच्या गवताळ पठारावर आहे. तिथे नेब्रास्का राज्यात सुमारे ५० हजार चौरस किलोमीटरचा वाळूसर, खोल मातीचा पट्टा आहे. पडेल ते पाणी ती लगेच पिते, वाहून काही जात नाही. पण आपली काळी फुटाला दोन इंच पाणी धरते, तर ती जेमतेम पाऊण इंच. राहिलेलं पाणी खाली खोल निघून जातं. अशा जमिनीत मुळं खोल सोडणारं गवत टिकतं, वर्षाला फिरणारं पीक टिकत नाही. १९०४ मध्ये तिथल्या सरकारने कायदा केला आणि त्या भागात प्रत्येक कुटुंबाला ६४० एकर जमीन दिली. सहाशे चाळीस! आपल्याला वाटेल, झालं, सात पिढ्यांची ददात मिटली. लोकांनी गवत मोडून नांगर घातला. दोनचार हंगाम पिकलं, मग वारा वाळू उडवू लागला. बरीच कुटुंबं विकून निघून गेली आणि त्या जमिनी परत गवताला आणि गुरांना गेल्या. त्याच्या दक्षिणेला १९३० च्या दशकात काय झालं ते जगाला ठाऊक आहे. मोडलेल्या पठाराची माती उठली आणि दिवसाढवळ्या अंधार झाला. मग १९३५ मध्ये अमेरिकेने मृद्संधारणाचा कायदा केला. जमिनीचा गुण न बघता फक्त एकर मोजून धोरण आखलं की सहाशे चाळीस एकरवालाही भिकेला लागतो. आपण तर चार-पाच एकरवाले.

आता आपल्याच जिल्ह्यात येऊ. खोली मोजायची कल्पना मी शोधलेली नाही. ती याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, पावणेदोनशे-एकशेनव्वद वर्षांपूर्वी अमलात आली. इंग्रजांचं राज्य आल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ पासून पुस्तकी सिद्धांतावर सारा बसवला. तो इतका जड झाला की इंदापूरची शेतं ओस पडली, लोक गाव सोडून गेले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरात नव्याने मोजणी केली. पुढे १८४७ मध्ये त्या पद्धतीचे नियम लिहून काढले आणि तीच पद्धत मुंबई इलाख्यात गावोगाव गेली.

त्या पद्धतीत काय होतं? प्रतवारी करणारा कारकून शेतात जायचा, शेताचे भाग पाडायचा आणि प्रत्येक भागात पहारीने खणून खोली बघायचा. माप हाताचं, म्हणजे अठरा इंचांचं. मातीच्या तीन जाती धरल्या होत्या: बारीक पोताची काळी, त्याहून भरड तांबूस, आणि रेताड-खडकाळ. काळी माती पावणेदोन हात खोल असली की ती सोळा आणे. तीच काळी पाऊण हातावर आली की आठ आणे. मग दोष वजा व्हायचे. चुनखडीची भेसळ, वाळू, उतार, पाणी साचणं, ओढ्याचं पाणी वरून जाणं, प्रत्येकाला चिन्ह होतं आणि प्रत्येकामागे प्रत खाली उतरायची.

बघा गंमत. पावणेदोन हात म्हणजे साडेएकतीस इंच, ८० सेंटिमीटर. आज कृषी विद्यापीठं भारी जमीन कशाला म्हणतात? ९० सेंटिमीटरच्या वर. मधल्या काळात एवढं शास्त्र झालं आणि आकडा जवळपास तिथेच आला. त्या कारकुनाला वनस्पतिशास्त्र येत नव्हतं. पण सारा वसूल व्हायचा असेल तर शेतकऱ्याकडे किती पिकणार हे खरं कळायला हवं, एवढं सरकारला कळत होतं. घ्यायचं होतं तेव्हा खोली मोजली. द्यायची वेळ आली, विम्याची, नुकसानभरपाईची, कर्जाची, तेव्हा खोली विसरली.

त्या मोजणीची सावली अजून तुमच्या सातबाऱ्यावर आहे. क्षेत्राखाली 'आकार' लिहिलेला असतो. रुपये-पैसे इतका क्षुल्लक आकडा, की कुणी वाचत नाही. तो आकडा त्या प्रतवारीतूनच आलेला आहे. घरी गेलात की एकाच गावातल्या दोन जिरायती गटांचा आकार क्षेत्राने भागून बघा. ज्याचा हेक्टरी आकार जास्त, त्याची जमीन तेव्हा खोल आणि निर्दोष धरली होती. दोन वेगळ्या गावांची तुलना करू नका, गावागावाचा दर वेगळा होता. आणि तो आकडा तेव्हाचा आहे हे लक्षात ठेवा. मधल्या शंभर-दीडशे पावसाळ्यांनी त्यातलं किती धुऊन नेलं, ते आपल्यालाच खणून बघावं लागेल.

आता २०१५ पासून सरकार जमीन आरोग्य पत्रिका देतं. त्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. पत्रिका वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्या बारांत खोली नाही. वरची सहाएक इंच माती पिशवीत भरून नेली की खालचं कळणार कसं? दोघांच्या पत्रिका अक्षरशः सारख्या येऊ शकतात, एकाच्या खाली तीन फूट माती आणि दुसऱ्याच्या खाली नऊ इंचांवर मुरूम. दोघांना खताची शिफारस तीच. हलक्या जमिनीवाल्याने तेवढं खत टाकलं, पाणी संपलं, खत मातीत पडून राहिलं. उधारी मात्र दुकानदाराच्या वहीत उभी राहिली.

पुण्यात आला आहात तर एक बघून जा. कुठेही बांधकाम चालू असेल तिथे थांबा. बिल्डर सगळ्यांत आधी काय करतो? काळी माती उचलून फेकतो. ही माती फुगते-आकसते, भिंतींना तडे जातात, म्हणून पाया मुरमावर किंवा कातळावर जातो. त्यासाठी आधी भोकं पाडून खोलीचा अहवाल घेतात. घराला माती नको म्हणून तिची खोली मोजतात आणि ज्याला तीच माती हवी त्या कापसाची कुणी मोजत नाही. पीककर्जाचा दर ठरतो तो पिकावर आणि बागायत की जिरायत यावर. त्या तक्त्यात जमिनीच्या खोलीचा रकाना नाही.

खोलीवर शेती कशी करायची याचं संशोधन इथेच झालं. पुण्याला लागून मांजरी आहे, तिथे १९२३ मध्ये ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू केले. १९३३ मध्ये सोलापूरला केंद्र झालं. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, रुंद अंतरावर विरळ पेरणी आणि वरचेवर कोळपणी अशी पद्धत बसवली. हे सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं, मातीत पाणी किती बसलं आणि ते पिकासाठी किती टिकवलं. त्यातून पुढे विद्यापीठांनी खोलीप्रमाणे पिकं सांगितली. ढोबळ मानाने असं धरा. नऊ इंचांच्या आत माती असेल तर धान्याचा हट्ट सोडा. गवत, बोर, सीताफळ, फार तर हुलगा-मटकी. नऊ इंच ते दीड फूट, तिथे बाजरी आणि तूर, दोनास एक ओळ. दीड ते तीन फूट, तिथे रब्बी ज्वारी, करडई, सूर्यफूल. तीन फुटांच्या वर भारी ज्वारी, हरभरा, करडई, आणि पाऊस खात्रीचा असेल तर खरिपात मूग-उडीद काढून रब्बी.

ज्वारीच्या जातीसुद्धा खोलीप्रमाणे आहेत, हे किती जणांना माहीत आहे? मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ जवळजवळ नव्वद वर्षं टिकून आहे, भाकरी आणि कडबा दोन्हीला तिची बरोबरी नाही, ती मध्यम जमिनीची. राहुरीने हलक्या जमिनीला फुले अनुराधा दिली, ती लवकर येते, पाणी संपायच्या आत दाणा भरते. मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. बियाण्याच्या दुकानात गेल्यावर 'कोणती चांगली?' असं विचारू नका. 'दोन फूट माती आहे, कोणती देता?' असं विचारा. दुकानदार गोंधळला तर समजा, की हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेला नाही.

भारी जमिनीवाल्यांना खरिपात रान मोकळं ठेवायची सवय आहे. शहरातले लोक याला आळस म्हणतात. आळस नाही तो. पावसात त्या रानात पाय घालता येत नाही, वाफसा मिळत नाही, तण माजतं. आणि जिथे पाऊसच बेभरवशाचा, तिथे कोठी भरून घेऊन रब्बी साधणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७० च्या दशकात रुंद वरंबा-सरी पद्धत काढली आणि भारी जमिनीतून दोन पिकं घेऊन दाखवली. चांगली पद्धत आहे, सोयाबीनवाल्यांनी ती बीबीएफ नावाने उचलली. पण तिची अट होती साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस आणि खोल जमीन. ती अट गाळून गावोगाव प्रात्यक्षिकं झाली, म्हणून काही ठिकाणी ती फसली.

मात्र रान मोकळं ठेवायचं तर उघडंबोडकं ठेवू नका. तोंड मिटणाऱ्या मातीला पाणी पाजायचं तर ते जागेवर थांबवावं लागतं. जुलैमध्ये सारायंत्राने सारे पाडा, आडवे दंड टाका, लहान-लहान वाफे करा. प्रत्येक वाफ्यात पाऊस उभा राहतो आणि सावकाश मुरतो. पेरणीच्या आधी वाफे मोडून १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, जमेल तितकी लवकर, दीड फुटी पाभरीने पेरा. मग कोळपणी. तिसऱ्या आठवड्याला फटीचा कोळपा, पाचव्याला पासेचा, आठव्याला दातेरी. तिसरी कोळपणी लोक टाळतात, कारण तोवर तण संपलेलं असतं. ती तणासाठी नसतेच. तोवर भेगा पडायला लागतात आणि भेगांतून खालची ओल उडून जाते. दातेरी कोळप्याने माती ढिली होऊन भेगा बुजतात, कोठीचं दार बंद होतं. एका कोळपणीची मजुरी आणि दोन फूट खालची ओल, याचा हिशेब माझ्या मायबहिणी माझ्याहून चांगला करतील.

आता कापूस. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या भावांसाठी हे बोलतोय. २००२ मध्ये बीटी आलं आणि दहा-बारा वर्षांत सगळ्या रानात एकच तऱ्हेचं संकरित वाण पसरलं: माळावर तेच, नदीकाठी तेच. या बहुतेक वाणांचा कालावधी साडेपाच-सहा महिन्यांचा. जूनच्या शेवटी लावलं तर बोंड भरायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस जातो ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मग बोंड कुठल्या पाण्यावर भरणार? कोठीतल्या. फूटभर कोठी पंधरा दिवसांची. पुढे बोंडं कवडीएवढी राहतात, पान लाल पडतं, आणि आपण औषधाच्या दुकानात जातो. औषधाने पाणी येत नाही. उलट तीन-चार फूट काळीत, पूर्णेच्या खोऱ्यासारख्या ठिकाणी, अडचण दुसरीच. तिथे खंडानंतर जोराचा पाऊस झाला की उभं झाड दोन दिवसांत मान टाकतं. ती आकस्मिक मर. तो रोग नव्हे, मुळं पाण्यात गुदमरतात. तिथे सऱ्या आणि निचरा हवा. एकच पाकीट दोन्हीकडे विकलं जातं, आणि पाकिटावर जमिनीची खोली छापलेली नसते.

हलक्या जमिनीत कापूस घ्यायचाच असेल तर लवकर येणारं वाण, दाट लागवड आणि कमी बोंडांचं झाड हा मार्ग आहे. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेने तो वर्षानुवर्षं मांडला आहे. देशी कापसाची मुळं खोल जातात, रसशोषक किडी कमी येतात, खर्च कमी. अकोल्याची एकेए-७ होती, अजूनही आहे. पण बियाणं मागायला गेलं की 'संपलं' असं उत्तर मिळतं. हे आपल्या मागण्यांत आलं पाहिजे. आणि नऊ इंचांच्या माळावर कापूस लावणाऱ्याला मी स्पष्ट सांगतो, तिथे कुठलंच वाण तुम्हाला वाचवणार नाही. तिथे शेळी वाचवेल.

माती वाढवता येते का? येते, पण वेळ आणि पैसा लागतो. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली. तलावातला गाळ म्हणजे आपल्याच शेतांची धुपलेली माती. एका एकरावर दोन इंच गाळ पसरायचा तर साधारण सत्तर ब्रास लागतो. वाहतुकीचा हिशेब आधी करा, गाळाची क्षारता तपासा, आणि बांध धड नसतील तर गाळ आणूच नका, चार पावसात तो परत तलावात जाईल. घालवणं मात्र सोपं आहे. वीटभट्टीवाला येतो, फूटभर माती मागतो, रोख देतो. घरात लग्न असतं, दवाखाना असतो, नडलेला माणूस देतो. त्याला दोष देणारा मी कोण? पण किंमत करताना एवढं लक्षात असू द्या, की एकरातून फूटभर माती गेली म्हणजे दर वर्षीचं दोन लाख लिटर पाणी कायमचं विकलं. एक इंच धुपून गेली तरी वर्षाला सतरा हजार लिटर गेलं.

जमीन आहे तिथेच राहून बिघडते, तेही पुणे जिल्ह्याने पाहिलं आहे. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. दुष्काळी टापूला पाणी आलं, ऊस आला. पण खोल काळी माती, निचरा नाही आणि वरून मनसोक्त पाणी. पंचवीस वर्षांत जमिनी खारवटल्या. १९१० मध्ये हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करून ते छापलं. मान तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. म्हणजे खोल जमीन हे वरदान जिरायतीतलं. बागायतीत तीच खोली आणि तीच चिकण अंगलट येते, जर चर काढले नाहीत तर. आमच्याकडे पाणी कधी येणार म्हणून आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. कालव्याच्या मागणीच्या कागदावरच निचऱ्याच्या चराची मागणी लिहा. नंतर ती कुणी ऐकत नाही.

याच मान साहेबांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या एका गावाचा बारीक अभ्यास प्रसिद्ध केला. गावाचं नाव पिंपळे सौदागर. आज तिथे गेलात तर उंच इमारती दिसतील, तेव्हा ज्वारी-बाजरीचं कोरडवाहू गाव होतं. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारणा ४० एकर होती, १९१५ च्या सुमाराला सात एकरांवर आली होती. जमिनीचे तुकडे फार झाले, ते एकत्र करा, असं तेव्हापासून सगळे सरकारी पंडित सांगत आले. पण तुकडे का झाले? वाटणीत प्रत्येक भावाला काळीतला वाटा हवा आणि माळातलाही हवा. एकाला सगळी खोल आणि एकाला सगळी बरड दिली तर क्षेत्र सारखं असूनही तो अन्याय झाला असता. आपल्या पूर्वजांनी न मोजता खोलीची वाटणी केली होती. त्यात एक वाईट झालं. पट्टे उताराच्या दिशेने पडले, औत वरून खाली चालू लागलं आणि पाण्याला वाट मिळाली. तरी भावकीच्या न्यायात जे होतं ते विमा कंपनीच्या न्यायात नाही.

आता सकाळच्या भांडणाकडे येतो. पीकविम्याच्या भरपाईचा पाया पीक कापणी प्रयोग. प्रयोग निवडक शेतांत आणि सरासरी पूर्ण महसूल मंडळाची. उदाहरणादाखल धरा, दहा शेतं आहेत. सहा खोल जमिनीची, तिथे एकरी पाच क्विंटल. चार हलकी, तिथे एक क्विंटल. सरासरी आली ३.४ क्विंटल. उंबरठा असेल ३.२ चा, तर भरपाई कुणालाच नाही. ज्याचं एक क्विंटल झालं त्याने हप्ता भरला होता, त्याचं नुकसान खरं होतं, तरी तो कागदावर सुखी. दुष्काळाची पैसेवारीही गावाचीच निघते. माळावरच्या शेतकऱ्याचं दुःख काळीतल्या शेजाऱ्याच्या कणसात बुडून जातं. मग तो शेजाऱ्याकडे संशयाने बघतो, शेजारी त्याला आळशी म्हणतो, आणि आपली एकी तिथेच फुटते. सकाळी या मांडवात तेच झालं. इंदापूरचे भाऊ आणि शिरूरचे भाऊ एकमेकांना खोटं ठरवत होते, दोघंही आपापल्या शेताबद्दल खरं बोलत होते.

म्हणून तीन मागण्या ठरावात घालाव्यात असं मी सुचवतो. जमीन आरोग्य पत्रिकेत खोलीचा रकाना हवा, आणि तो शेतात खड्डा घेऊन भरलेला हवा. पीक कापणी प्रयोग हलक्या आणि भारी जमिनीचे वेगळे घ्या आणि सरासरीही वेगळी काढा. आणि प्रतवारीचं जुनं दप्तर, आकारबंद धरून, भूमी अभिलेखात पडलेलं आहे. ते गावाला खुलं करा. सरकार म्हणेल, एवढे खड्डे कोण घेणार? इंदापुरात तेव्हा पहार आणि कारकून एवढ्यावर झालं होतं. आज २०२१ पासून ई-पीक पाहणीसाठी प्रत्येक शेताचा फोटो मागतात, तर त्याच पाहणीत एक आकडा वाढायला काय हरकत आहे?

पण सरकारची वाट बघत बसायचं कारण नाही. ज्वारी निघाली की रान मोकळं असतं, तेव्हा हे करा. प्रत्येक गटात तीन खड्डे घ्या: एक चढाला, एक मध्यावर, एक उताराला. बांधाजवळ घेऊ नका, तिथे माती साठलेली असते. खड्डा हातभर रुंद, खाली मुरूम किंवा चुनखडीचा घट्ट थर लागेपर्यंत. एका भिंतीवर काठी उभी धरून मोजा. ज्वारीची मुळं कुठवर गेली आहेत तेही त्याच भिंतीवर दिसेल. खडे कुठून सुरू होतात तेही लिहा. निम्मे खडे असतील तर तेवढ्या थराची खोली निम्मी धरा. तीनही आकडे गट नंबरासह वहीत लिहा आणि गावाच्या नकाशावर खूण करा. एका गावात शंभर गटांचं हे काम दहा पोरं आठ-दहा दिवसांत करतील. पोरांना जेवण घाला. खड्डे लगेच बुजवा, जनावर पाय मोडून घेईल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने निदान एका गावाची वही आणावी. ज्या मंडळात विमा नाकारला आहे तिथलीच गावं आधी धरा. वहीवर गट नंबर, खोली आणि गेल्या हंगामातलं एकरी उत्पन्न, एवढे तीनच रकाने करा. नावं लिहू नका.